वांग्याचा वाद : जनुक-परिवर्तित अन्नाच्या सुरक्षिततेविषयीचे लोकमत

एखादा अन्नपदार्थ खाण्यास निर्धोक आहे किंवा नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी प्रयोगशाळेचा वाटतो. पदार्थाचे पृथक्करण करावे, तो प्राण्यांना खाऊ घालून पाहावा आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवावा. लोकांनी तो मानला तर उत्तम, न मानला तर ते त्यांचे अज्ञान, अशी या विषयाकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे. जनुक-परिवर्तित अन्नाच्या बाबतीत ही दृष्टी अनेक देशांत अपुरी पडली. ती का अपुरी पडली हे समजून घ्यावयाचे असेल, तर भारतात २००९-१० साली वांग्यासारख्या साध्या फळभाजीवरून जो वाद झाला त्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्र शासनाच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीस अनुकूलता दर्शविली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरण व वने खात्याचे राज्यमंत्री जयराम रमेश यांनी त्याच वांग्यावर बेमुदत स्थगिती घोषित केली. मधल्या चार महिन्यांहूनही कमी काळात वांग्यात काहीच बदल झाला नव्हता. पुढे आले होते ते लोकमत.

वादाचे मूळ एका अळीत आहे. वांग्याचा शेंडा व फळ पोखरणारी अळी प्रथम कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडे मलूल होऊन माना टाकतात. झाडाला फळे धरली की ती फळात घुसते. बाहेरून एवढेसे छिद्र दिसते, आतून मात्र गर विष्ठेने भरलेला असतो. एकदा ती फळात गेली की कोणताही फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अंड्यातून निघाल्यावर आणि फळात शिरण्यापूर्वी जो अल्प अवधी असतो, त्यात तिला गाठण्यासाठी शेतकरी पुनःपुन्हा फवारीत राहतो. काही भागांत हा क्रम आठवड्यातून दोनदा चालतो, आणि वांगी तोडणीस आली तरी थांबत नाही. बाजारात वांगे हाती घेऊन त्यावर छिद्र नाही ना हे पाहणाऱ्या गृहिणीला कीड नको असते. त्या निष्कलंक सालीसाठी किती औषध खर्ची पडले आहे हे तिला दिसत नाही. या विषयाचा विचार करताना ही बाजू प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. बीटी वांग्याची तुलना निर्मळ वांग्याशी करण्याचा मोह अनेकांना झाला; प्रत्यक्षात ती बाजारातील फवारलेल्या वांग्याशी करावयास हवी होती.

या अळीवर जालना येथील महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीने, म्हणजे 'महिको'ने, एक उपाय सिद्ध केला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या या संस्थेत त्या वेळी अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीचे २६ टक्के भागभांडवल होते, आणि ही गोष्ट पुढील वादात वांग्यापेक्षाही अधिक वेळा उच्चारली गेली. मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जीवाणूचे 'क्राय१एसी' नावाचे जनुक वांग्याच्या पेशीत घालण्यात आले. त्यामुळे झाड स्वतःच ते प्रथिन तयार करते. अळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असतो. तेथे हे प्रथिन क्रियाशील होते, आतड्याच्या आवरणावरील विशिष्ट ग्राहकांना चिकटते, आवरणाला छिद्रे पाडते आणि अळी खाणे सोडून मरते. मनुष्याचे जठर आम्लयुक्त असते, तेथे ते इतर प्रथिनांप्रमाणे पचते, आणि ते ज्यांना चिकटावे ते ग्राहक मनुष्याच्या आतड्यात नसतात. समर्थकांचा मुख्य युक्तिवाद हा होता. याच जीवाणूची भुकटी फ्रान्समध्ये १९३८ पासून कीटकनाशक म्हणून विकली जात होती आणि सेंद्रिय शेती करणारेही ती वापरीत आले आहेत, हे ते त्यास जोडीत.

विरोधकांचे उत्तर वजनदार होते. भुकटी पानावर पडते, उन्हाने निकामी होते, पाण्याने धुतली जाते. झाडाच्या प्रत्येक पेशीत जन्मभर तयार होणारे प्रथिन धुऊन टाकता येत नाही. शिवाय परके जनुक कोठे व कसे रुजले, त्यामुळे झाडातील इतर द्रव्यांच्या प्रमाणात काही फरक पडला काय, हाही प्रश्न उरतो. वांगे हे धोतऱ्याच्या व बटाट्याच्या कुळातील असल्याने त्याच्या अंगी मुळातच थोडी विषारी अल्कलॉइडे असतात. तेव्हा ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. ती चाचणीने दूर करण्याजोगी होती, आणि चाचण्या झाल्याही होत्या. उंदरांना नव्वद दिवस खाऊ घालून पाहिले गेले. ससे, शेळ्या, गायी, कोंबड्या व मासे यांवरही प्रयोग झाले. तज्ज्ञ समितीने त्यांवरून वांगे निर्धोक ठरविले. मग वाद राहिला कशाचा?

तो राहिला चाचणी कोणी केली याचा. बियाणे विकणाऱ्या कंपनीनेच चाचण्यांची माहिती सादर करावी आणि तीवरून समितीने निर्णय द्यावा, ही पद्धत अनेक देशांत आहे. औषधांच्या बाबतीतही ती रूढ आहे. तथापि भारतात ही माहिती सामान्य लोकांना उपलब्ध होण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा आणि न्यायालयाचा आधार घ्यावा लागला. जी कागदपत्रे पहिल्याच दिवशी खुली करावयाची, ती भांडून मिळवावी लागली की त्यांत दोष नसला तरी लोकांस तो दिसू लागतो. जानेवारी २००९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जिल-एरिक सेरालिनी यांनी ग्रीनपीस या संघटनेसाठी या माहितीची फेरतपासणी केली आणि प्राण्यांच्या रक्तातील काही मोजमापांत फरक असल्याचे दाखविले. ए. आर. रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या तज्ज्ञ समितीने ते फरक जीवशास्त्रीय दृष्ट्या निरर्थक ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मान्यता समितीवर नेमलेले निरीक्षक, हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक पुष्प भार्गव यांनी चाचण्या अपुऱ्या असल्याचे ठाम मत नोंदविले. इतक्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा विरोध असल्यावर 'शास्त्रज्ञ एका बाजूस व अडाणी लोक दुसऱ्या बाजूस' हे चित्र टिकणे शक्यच नव्हते.

मान्यता समितीच्या निर्णयानंतर लगेच रमेश यांनी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला, ३१ डिसेंबरपर्यंत मते मागविली आणि १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद व बंगळूर या सात नगरांत जाहीर सभा घेतल्या. सुमारे आठ हजार लोक त्यांत आले. एखाद्या भाजीच्या बियाण्यासंबंधी मंत्र्याने गावोगाव फिरून लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे, असा प्रकार या देशात पूर्वी झाला नव्हता. सभा शांतपणे पार पडल्या असे नव्हे. घोषणा झाल्या, फलक फडकले, काही ठिकाणी मंत्र्यांचेच आवाज चढले. मत मांडावयास आलेले लोक हे जनतेचे प्रातिनिधिक नमुने होते असेही कोणी म्हणणार नाही. सभेस जो येतो तो काही तरी ठरवूनच येतो. तरीही या सभांच्या नोंदी मौल्यवान आहेत. छापील प्रश्नावलीत माणूस 'सुरक्षित' किंवा 'असुरक्षित' यांपैकी एका शब्दावर खूण करतो. सभेत तो आपल्याला नेमके काय खुपते ते बोलून दाखवितो.

आणि जे बोलले गेले त्यातील बराचसा भाग खाण्यासंबंधी नव्हताच. वांगे हे भारतातील प्राचीन पीक. त्याच्या हजारो जाती आहेत आणि रानात त्याचे आप्त आजही उगवतात. परागकण वाऱ्यावर व मधमाश्यांवर स्वार होऊन गेले तर या जातींचे काय होणार, हा प्रश्न कर्नाटकात फार तळमळीने विचारला गेला. उडुपीजवळच्या मट्टू गावचे 'गुळ्ळ' वांगे, जे तेथील मठाच्या नैवेद्यात जाते, ते कलंकित होईल अशी भीती व्यक्त झाली. (त्याला पुढे २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.) आयुर्वेद व सिद्ध वैद्यकाच्या चिकित्सकांनी रानवांग्याच्या औषधी गुणांविषयी चिंता बोलून दाखविली. शेतकऱ्यांपैकी अनेकांनी बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागेल काय, हे विचारले. कोइमतूर व धारवाड येथील कृषी विद्यापीठांनी याच जनुकाच्या सरळ जाती तयार केल्या होत्या आणि त्यांचे बी शेतकऱ्याला राखून ठेवता आले असते. परंतु त्या विद्यापीठांचे कंपनीशी झालेले करार काय सांगतात, यावरच मंत्र्यांना शंका होती.

विदर्भाची गोष्ट आणखी निराळी. तेथील शेतकरी बीटी हा शब्द २००२ पासून, म्हणजे कापसाला मान्यता मिळाल्यापासून, ओळखत होता, आणि त्याच्या मतात अनुभव होता. बोंडअळी कमी झाली, फवारण्या वाचल्या, उत्पन्न वाढले असे सांगणारे शेतकरी होते. शरद जोशींच्या विचाराची शेतकरी संघटना तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागत होती. महागडे बियाणे, कोरडवाहू जमीन, सावकाराचे कर्ज आणि आत्महत्या यांची साखळी दाखविणारेही तेथेच होते. या दोघांच्याही तोंडी वांगे पोटात गेल्यावर काय होते हा विषय दुय्यम होता. मात्र सभेबाहेर या साऱ्या बोलण्याची नोंद एकाच शीर्षकाखाली झाली : 'लोकांना बीटी वांगे असुरक्षित वाटते.' बियाण्याची मालकी, देशी जातींचे भवितव्य, शासनावरील अविश्वास हे सर्व जण एकाच शब्दाच्या दाराने आत आले, कारण कायद्याच्या चौकटीत तेवढेच एक दार उघडे होते. मान्यता समितीपुढे विष, अ‍ॅलर्जी व पर्यावरण एवढेच प्रश्न विचारता येत. बियाण्याची मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे नोंदवूनच घेतला जात नसे. साहजिकच ज्याला मालकीविषयी बोलावयाचे होते तोही विषाची भाषा बोलू लागला. यात लबाडी होती असे समजणे अन्यायाचे होईल. पण त्यामुळे विषाविषयीची भीती आवश्यकतेपेक्षा फुगली हेही खरे आहे.

अन्नाविषयीच्या मतात पथ्याचा आणि संस्काराचाही वाटा असतो, आणि वांग्याच्या बाबतीत तो महाराष्ट्रास चांगला परिचित आहे. आषाढातील कांदेनवमीला कांदा-वांगे पोटभर खाऊन चातुर्मासात ते वर्ज्य करावयाचे आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करावयाचे, हा क्रम असंख्य घरांत पाळला जातो. वर्षातील कोणत्या काळात कोणती वस्तू पोटात जावी याचा निर्णय ज्या समाजात घराने व परंपरेने घेतला, त्या समाजास 'समितीने ठरविले आहे, निःशंक खा' असे सांगून भागत नाही. खाण्याचा निर्णय आपला असावा ही अपेक्षा येथे पुस्तकी नाही, स्वयंपाकघरातील आहे.

धोक्याच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना हाच अनुभव अन्य मार्गांनी आला होता. चान्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ साली असे दाखविले, की मनुष्य स्वेच्छेने पत्करलेला धोका हा लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट असला तरी सोसतो. पुढे पॉल स्लोविक यांनी १९८७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात धोक्याच्या भीतीचे दोन मुख्य घटक सांगितले : धोका किती भयप्रद वाटतो, आणि तो किती अपरिचित, अदृश्य व उशिरा परिणाम करणारा आहे. जनुक हे डोळ्यांस दिसत नाही, त्याचा परिणाम झालाच तर केव्हा होईल ते सांगता येत नाही, आणि ताटात ते आले आहे की नाही हेही कळत नाही. कीटकनाशक त्यापेक्षा कितीतरी घातक असले तरी ते घरचे आहे. त्याची बाटली गोठ्यात पडलेली असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या मृत्यूंनी खळबळ माजविली हे खरे. पण कीटकनाशकांवर देशभर सभा घेऊन कायमची स्थगिती आणावी असे कोणास वाटले नाही.

स्वेच्छेचा प्रभाव किती असतो याचा एक दाखला इंग्लंडमधला आहे. तेथे १९९६ पासून जनुक-परिवर्तित टोमॅटोची घट्ट चटणी डब्यांतून विकली जात होती. डब्यावर ते स्पष्ट छापलेले असे, शेजारी साध्या टोमॅटोची चटणी ठेवलेली असे, आणि नवी चटणी किमतीने स्वस्त होती. लोकांनी ती आनंदाने घेतली. अठरा लाखांच्या आसपास डबे खपले. पुढे अमेरिकेहून परिवर्तित सोयाबीन नेहमीच्या सोयाबीनमध्ये मिसळून येऊ लागले. ते कोणत्या बिस्किटात आहे आणि कोणत्या नाही हे कळेनासे झाले. वेड्या गायीच्या रोगासंबंधी 'गोमांस सुरक्षित आहे' असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या शासनाला मार्च १९९६ मध्ये आपले शब्द गिळावे लागले होते. त्यामुळे त्याच शासनाचे नवे आश्वासन ऐकून घेण्यास कोणी तयार नव्हते. १९९९ पर्यंत ती चटणीही दुकानांतून गेली. चटणीत दोष निघाला नव्हता.

भारतातील स्थिती याच्या अगदी उलट आणि काहीशी विनोदी आहे. ज्या काळात वांग्यावर सभा गाजत होत्या त्याच काळात देशातील बहुतेक कापूस बीटी झाला होता. कापसाबरोबर सरकी येते, सरकीचे तेल निघते. दहा लाख टनांहून अधिक सरकीतेल देशात दरवर्षी तयार होते आणि ते फरसाणात, वनस्पती तुपात व गुजरातेत 'कपासिया' या नावाने घरोघरच्या तळणीत जाते. पेंड दुभत्या जनावरांना घातली जाते. बीटी अन्न भारतीयांनी खाल्लेच नाही, ही समजूत त्यामुळे खरी नाही. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून हा दाखला वांग्यास तंतोतंत लागू पडत नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु तेलाविषयी कोणी विचारलेच नाही याचे कारण हे सूक्ष्म रसायन नव्हते. कापूस ही खाण्याची वस्तू नव्हे, एवढेच होते. २०१३ च्या जानेवारीपासून परिवर्तित पदार्थ असलेल्या आवेष्टनावर 'जीएम' ही अक्षरे छापण्याचा नियम झाला. पण ती अक्षरे किराणा दुकानात कोणाच्या दृष्टीस पडल्याचे फारसे ऐकिवात नाही.

अज्ञानामुळेच विरोध होतो हा जो सिद्धान्त, त्याच्या समर्थनार्थ आकडे नाहीत असे नाही. युरोपातील सर्वेक्षणांत 'साध्या टोमॅटोत जनुके नसतात, परिवर्तित टोमॅटोतच असतात' हे विधान लोकांपुढे ठेवीत, आणि ते खरे मानणारे मोठ्या संख्येने निघत. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत परिवर्तित अन्न निर्धोक मानणारे शास्त्रज्ञ ८८ टक्के, तर सामान्य प्रौढ नागरिक ३७ टक्के होते. त्या पाहणीतील कोणत्याही प्रश्नावर यापेक्षा मोठी दरी नव्हती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की कडव्या विरोधकांना आपल्याला पुष्कळ कळते असे वाटते, पण विज्ञानाच्या साध्या प्रश्नांत त्यांचे गुण सर्वांत कमी असतात. त्याच केंद्राने २०१९-२० मध्ये वीस देशांत पाहणी केली, तीत मध्यमान घेता ४८ टक्के लोकांनी असे अन्न असुरक्षित म्हटले, १३ टक्क्यांनी सुरक्षित म्हटले आणि ३७ टक्क्यांनी आपणास पुरेशी माहिती नाही असे सांगितले. भारतात असुरक्षित म्हणणारे ५८ टक्के होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी दृष्टीआड होतात. एक, आपणास माहिती नाही असे प्रामाणिकपणे सांगणारे सदतीस टक्के लोक हे विरोधक नव्हेत, तरी चर्चेत त्यांची गणना विरोधकांत होते. दुसरी, ज्ञान दिल्याने मत बदलते असे गृहीत धरले, तरी ज्ञान कोणाकडून घ्यावयाचे हा विश्वासाचाच प्रश्न राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली नऊशेहून अधिक संशोधनांचा आढावा घेऊन, बाजारात असलेल्या परिवर्तित पिकांपासून प्रकृतीस अधिक अपाय होतो असा पुरावा आढळत नाही, असे सांगितले. शास्त्रीय दृष्ट्या या निष्कर्षाचे वजन मोठे आहे आणि तो उलटविणारा पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. सेरालिनी यांचा २०१२ सालचा उंदरांवरील बहुचर्चित प्रबंध नियतकालिकाने २०१३ मध्ये मागे घेतला; गाठी आलेल्या उंदरांची ती छायाचित्रे मात्र सर्वत्र पसरली होती, आणि ती मागे घेण्याची सोय कोणाकडेही नव्हती. इकडे भारतात, स्थगितीनंतर सहा विज्ञान अकादमींनी मिळून जो अहवाल २०१० मध्ये सादर केला, त्यातील काही मजकूर आधीच प्रसिद्ध झालेल्या एका समर्थकाच्या लिखाणातून शब्दशः उचललेला निघाला. देशातील विज्ञानाच्या सर्वोच्च संस्थांना लोकांपुढे निःपक्षपाती साक्ष देण्याची एक संधी मिळाली होती, ती त्यांनी अशा रीतीने दवडली. त्यानंतर लोकांच्या अज्ञानाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कितपत उरला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

रमेश यांच्या निर्णयपत्राविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. ते पत्र पाठविलेल्या मतांसह प्रसिद्ध झाले, आणि मंत्र्याने आपली कारणे इतक्या उघडपणे लिहून ठेवावी हे दुर्मिळ होय. शास्त्रज्ञांत एकमत नाही. पश्चिम बंगाल, ओडिशा व बिहार या सर्वाधिक वांगी पिकविणाऱ्या राज्यांसह अनेक राज्य शासने अनुकूल नाहीत. जनतेची भावना प्रतिकूल आहे. आणि हे वांगे तातडीने आणलेच पाहिजे अशी निकड नाही, असा त्याचा आशय होता. त्यात हे जगातील पहिलेच परिवर्तित भाजीचे पीक ठरेल असे म्हटले होते, ते बरोबर नव्हते. अमेरिकेत परिवर्तित टोमॅटो १९९४ मध्येच विक्रीस आला होता. स्वतंत्र व दीर्घकालीन चाचण्या होऊन लोकांचा विश्वास संपादन होईपर्यंत ही स्थगिती राहावयाची होती. त्या चाचण्या कोणी करावयाच्या, कोणत्या मुदतीत, आणि विश्वास संपादन झाला हे कोण ठरविणार, यांपैकी काहीही ठरले नाही. निर्णय सावधपणाचा होता. त्याची अंमलबजावणी निष्काळजीपणाची झाली. २०१२ मध्ये बसुदेव आचार्य यांच्या संसदीय समितीने परिवर्तित अन्नपिकांविरुद्ध कडक अहवाल दिला, सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीनेही सावधगिरीचा सल्ला दिला, आणि वांगे होते तेथेच राहिले.

सीमेपलीकडे तेच वांगे निराळ्या वाटेने गेले. बांगलादेशाने ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बीटी वांग्याच्या चार जातींना मान्यता दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपे वाटली. जनुक तेच, महिकोने दिलेले. पण जाती तेथील सरकारी कृषी संशोधन संस्थेच्या, उत्तरा, काजला, नयनतारा अशा ओळखीच्या नावांच्या. आणि बी शेतकऱ्याला राखता येईल असे. पहिल्या हंगामात काही ठिकाणी झाडे अन्य रोगांनी वाळली आणि वृत्तपत्रांनी झोडपले. पुढील पाच वर्षांत लागवड करणारे हजारोंच्या संख्येत गेले, फवारण्या घटल्या. तेथे विरोध नव्हता असे नाही. पण बियाणे परदेशी कंपनीच्या घशात जाईल हा जो मुद्दा भारतात सर्वांत जोराने मांडला गेला, त्याची धार तेथे बोथट झाली होती. कोणत्याही प्रयोगशाळेत या फरकाचे मोजमाप होत नाही.

भारतातही ते वांगे आले, पण चोरवाटेने. २०१९ साली हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतात बीटी वांगे सापडले आणि ते उपटून नष्ट करण्यात आले. त्याच वर्षी १० जून रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशक-सह्य कापसाची व बीटी वांग्याची उघड लागवड करून कायदेभंग केला. २०१० च्या सभांत लोकमत म्हणून जे एकरंगी चित्र बाहेर आले होते त्यात न बसणारे हेही लोकमतच होते. त्याच विदर्भात दोन वर्षांपूर्वी, २०१७ च्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे पोखरून काढली होती. तंत्र किती काळ टिकते याचा तो कटू धडा शेतकऱ्यांच्या ताजा स्मरणात होता, आणि तरीही बियाण्यासाठी ते तुरुंगात जाण्यास सिद्ध झाले होते.

पुढे प्रश्न मोहरीकडे वळला. दिल्ली विद्यापीठात सिद्ध झालेल्या 'धारा मोहरी संकर ११' या परिवर्तित वाणास ऑक्टोबर २०२२ मध्ये समितीने पर्यावरणीय मुक्ततेची शिफारस केली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत तीवर मतभेद झाला. दोघांचेही एका गोष्टीवर मात्र एकमत होते : केंद्र शासनाने सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे. हे वाण सरकारी विद्यापीठातले आहे, कंपनीचे नव्हे. तरी विरोध ओसरला नाही, तेव्हा मालकी हे विरोधाचे एकमेव कारण मानणेही चुकीचे ठरेल. मधमाश्या पाळणारे, तणनाशकास भिणारे आणि मोहरीचे तेल कच्चेच खाणारे बंगाली या सर्वांची कारणे पुन्हा निराळी आहेत.

दरम्यान मार्च २०२२ मध्ये शासनाने परके जनुक न घालता केवळ अंगचेच जनुक सुधारून केलेल्या पिकांना जुन्या नियमांतून मोकळीक दिली, आणि मे २०२५ मध्ये अशा प्रकारची भाताची दोन वाणे, 'कमला' व 'पुसा डीएसटी १', जाहीर झाली. भात हे वांग्याप्रमाणे चातुर्मासात सोडता येण्याजोगे अन्न नव्हे. ते दोन्ही वेळच्या पानात असते. या वाणांसाठी कोलकात्यात, नागपुरात किंवा बंगळुरात सभा झाल्या नाहीत, आणि त्यांच्या पोत्यांवर कोणती अक्षरे छापावयाची याविषयीही लोकांस कोणी विचारलेले नाही.